जुनी गाडी पासिंगला नापास का होते?



कॅम्पातल्या मासळी बाजाराबाहेर पहाटे लागलेल्या गाड्या बघा. नवीकोरी एखादीच सापडेल. बाकी सगळ्या जुन्या हिरो होंडा, टीव्हीएस एक्सएल, मधेच एखादी बजाज. मागं क्रेट, क्रेटवर गोणपाट आणि खाली टपटपणारं बर्फाचं पाणी. या गाड्यांवरच आपल्या निम्म्या सभासदांची चूल पेटते. म्हणून गेले काही महिने जो तो एकच विचारतोय, "पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारात घालायची काय?"

तर आधी उत्तर सांगतो. नाही. पंधरा वर्षं हे वय झालं, तो काही निकाल नव्हे. दिल्लीत जुन्या गाड्यांवर वयाची बंदी आली, ती बातमी मोबाईलवर फिरत फिरत आपल्याकडं आली आणि लोक घाबरले. आपल्याकडं खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. ती संपली की गाडी तपासून घ्यायची, पास झाली की पुढं ५ वर्षं मिळतात. त्यानंतर परत तपासणी, परत ५ वर्षं. टेम्पो-ट्रकसारखं वरचेवर पासिंग दुचाकीला नाही. पण म्हणूनच ती तारीख लक्षात राहत नाही, आणि तिथंच घोटाळा होतो.

आमच्या एका सभासद काकांचंच बघा. गाडी २००९ ची. हिंडलगा, सुळगा, उचगाव अशी रोजची फेरी. २०२४ मध्ये मुदत संपली, काकांच्या ध्यानातच नाही. सात महिन्यांनी पोलिसांनी अडवलं तेव्हा कळलं. मग काकांनी काय केलं, तर इंजिन उघडलं. बोअर, पिस्टन, क्लच प्लेट, सगळं नवं. गाडी अशी गुळगुळीत चालायला लागली की काका खूश. तपासणीला नेली आणि नापास!

कारणं तीन. हॉर्न वाजेना. मागचा दिवा क्रेटच्या स्टँडखाली झाकलेला. आणि चेसिस नंबर वाचता येईना, गंजानं खाल्लेला. इंजिनाबद्दल कुणी शब्दही विचारला नाही. दोन खेपा झाल्या, दोन दिवसांची फेरी बुडाली, आणलेला बांगडा पडत्या भावात द्यावा लागला.

ही गोष्ट सांगायचं कारण एवढंच, की आपल्यातले बरेच जण हीच चूक करतात. जुनी गाडी सहसा इंजिनामुळं अडकत नाही. अडकते ती शे-पाचशेच्या कामांमुळं. इंग्लंडात १९६० पासून गाड्यांची तपासणी आहे. दुचाकी तीन वर्षांची झाली की तिथं दरवर्षी तपासून घ्यावी लागते. तिथल्या सरकारी आकड्यांतसुद्धा दुचाकी नापास होण्याच्या कारणांत दिवे आणि सिग्नल सगळ्यात पुढं असतात. म्हणजे साहेबाची गाडीही बल्बपायीच अडते!

आपल्या गाडीचा खरा वैरी: खारं पाणी

मासळीच्या गाडीला एक दुखणं जादाचं असतं. बर्फ वितळून मिठाचं पाणी खाली गळतं ते थेट चेन, मागचं चाक, ब्रेकचा दांडा, सायलेन्सर आणि चिमट्यावर. भाजीवाल्याची गाडी वीस वर्षं टिकते आणि आपली बारा वर्षांत खिळखिळी होते, ती यामुळंच. उपाय साधा आहे. फेरी संपली की गोड्या पाण्यानं गाडी धुवायची, मागचा भाग तर रोजच. क्रेटखाली रबरी शीट टाका आणि पाणी बाजूला काढायला एक नळी लावा. आठवड्यातून एकदा चेनला तेल.

चेसिस नंबर बहुतेक मोटरसायकलींना हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. तपासणीला त्याचा पेन्सिलनं ठसा घेतात. गंज चढला असेल तर रॉकेल किंवा डिझेल लावून कापडानं हळूहळू पुसा, मग वर थोडं ग्रीस. ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर अजिबात मारू नका. आकडा पुसट झाला की नंबर खोडल्याचा संशय येतो, आणि मग गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

नेण्याआधी एवढं बघा

– हेडलाइट (अप्पर-डिप्पर दोन्ही), मागचा दिवा, ब्रेक लाइट, चारही इंडिकेटर.
– हॉर्न साधा हवा. पी-पी-पॉ करणारा प्रेशर हॉर्न चालत नाही.
– दोन्ही ब्रेक. मासळीच्या गाडीचा मागचा ब्रेक गंजून जाम होतो. ड्रम उघडून साफ करा, लायनर बघा.
– टायरच्या खाचेत झीज दाखवणारी उंच पट्टी असते. नक्षी झिजून त्या पट्टीला लागली की टायर संपला.
– क्रेट आणि स्टँड काढूनच गाडी न्या. स्टँड फ्रेमला वेल्डिंग करू नका, नट-बोल्टनं बसवा. फ्रेममधला असा बदल तपासणीत अडतो.
– १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट.
– इन्शुरन्स आणि पीयूसी चालू.

पीयूसीबद्दल थोडं. २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएमपर्यंत चालतं. बरी ठेवलेली गाडी यात आरामात बसते. एअर फिल्टर चोंदलेला असेल किंवा चोक अडकलेला असेल तर आकडा वर जातो. फिल्टर साफ करा, आणि दहा मिनिटं गाडी फिरवून, इंजिन गरम करूनच नळी लावून घ्या. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला पीयूसी दर सहा महिन्यांनी लागते, वर्षानं नव्हे.

खर्च आणि तारीख

अर्ज फॉर्म २५ वर करायचा, मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीची फी ₹१०००. गाडी वीस वर्षांच्या पुढं गेली असेल तर ऑगस्ट २०२५ पासून ₹२०००. हरित कर वेगळा. उशीर झाला तर दर महिन्याला ₹३०० जादा. काकांना सात महिन्यांचे ₹२१०० असेच गेले. त्या पैशात लायनर, बल्ब, हॉर्न सगळं येऊन चहापाणीही झालं असतं.

आणि दंडापेक्षा मोठी भीती इन्शुरन्सची आहे. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तात्पुरती नोंदणी संपलेल्या एका गाडीचा चोरीचा दावा नाकारला. हप्ता भरला असला तरी नोंदणी जिवंत नसेल तर कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. भल्या पहाटे तवंदी घाट चढणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

निपाणीकडच्या सभासदांसाठी खास. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कागल-कोल्हापुरातून जुन्या गाड्या घेतल्यात. एमएच-०९ ची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इकडं ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. आधी तिकडून ना-हरकत म्हणजे फॉर्म २८, मग इकडचा कर, मग केए-२३. पंधरावं वर्ष जवळ आलेली गाडी घेताना हा खर्च धरूनच भाव करा. कागद आधीच्या मालकाच्याच नावावर असतील तर आजच बदलून घ्या. तो मालक नंतर सापडत नाही, हा आमचा अनुभव.

काकांची गाडी तिसऱ्या खेपेला पास झाली. पुढची ५ वर्षं निर्धास्त. आता रोज दुपारी आल्या आल्या ते आधी गाडीवर दोन बादल्या पाणी ओततात, मग स्वतःचे हातपाय धुतात.

येत्या रविवारी बाजार उरकल्यावर आपण सगळ्यांची आर.सी. एकत्र बसून बघणार आहोत. ज्यांची मुदत सहा महिन्यांत संपतेय त्यांची यादी करू आणि दोघं-तिघं मिळून जाऊ, म्हणजे एकाची फेरी दुसरा सांभाळेल. येताना आर.सी. घेऊन या. आणि आज रात्रीच एकदा काढून तिच्यावरची तारीख वाचा.