दुखऱ्या गुडघ्यांच्या वाटा

गडावर जाणाऱ्याला माथा गाठल्याशिवाय चैन पडत नाही. हजार पायऱ्यांपैकी नऊशे चढून माघारी फिरलेला माणूस घरी येऊन 'राहिलंच शेवटी' म्हणत बसतो. घळीचं तसं नाही. पाण्यानं खडक कापून केलेल्या अरुंद वाटेत शिरलं, की पहिल्या पन्नास पावलांतच दोन्ही बाजूंचे कडे, अंगावर येणारा गारवा आणि वर उरलेली आभाळाची पट्टी, सगळं भेटतं. पुढचा दीड-दोन किलोमीटर म्हणजे त्याचाच विस्तार. कुठूनही परत फिरा, पाहायचं ते पाहून झालेलं असतं. म्हणून ज्यांचे गुडघे झिजलेत, ज्यांच्या पायात सळई आहे, ज्यांना दम लागतो किंवा ज्यांचा तोल जातो, त्यांनी गडांचा नाद सोडून घळी, लेणी, भुईकोट आणि नदीपात्रं धरावीत, असं माझं मत आहे.

यात एक मेख मात्र आहे. गडावर आधी चढ आणि मग उतार. दम लागला की शरीर स्वतःच सांगतं, आता पुरे. घळीत उलटं. आधी उतार, म्हणून सगळं सोपं वाटतं आणि अंगातली ताकद संपत आल्यावर चढ समोर उभा राहतो. जाणकार माणसं म्हणूनच एक तृतीयांश ताकद खर्ची पडली की वळतात. वळायची वेळ निघतानाच ठरवून घ्यावी आणि ती सोबतच्यांनाही सांगून ठेवावी, नाहीतर 'अजून थोडं पुढं' म्हणणारा एखादा भाचा प्रत्येक कुटुंबात असतोच.

आपल्याकडची बरीच मंडळी हल्ली मुलांकडे अमेरिकेला जातात आणि ॲरिझोनातल्या अँटिलोप घळीचे केशरी फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन पडतात. ही घळ पेज गावाजवळ, नवाहो आदिवासींच्या जमिनीवर आहे. त्यांच्या वाटाड्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. तिचे दोन भाग आहेत. वरच्या भागाचा तळ सपाट वाळूचा, तर खालच्या भागात अरुंद लोखंडी जिने उतरावे लागतात. गुडघेवाल्यांनी वरचा भाग निवडावा हे उघडच आहे. पण तिथंही पूर्वी आल्या वाटेनं परतता यायचं, आता घळीबाहेरून पायऱ्यांच्या मार्गानं परतावं लागतं. 'आत किती चालायचं' एवढंच विचारून भागत नाही, 'बाहेर कसं यायचं' हेही विचारावं लागतं. याच घळीच्या खालच्या भागात १२ ऑगस्ट १९९७ रोजी अचानक लोंढा आला आणि अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस झाला होता तो दूर, वरच्या अंगाला. पळून वर चढता येईल असं शरीर ज्याच्याकडे नाही, त्यानं ढगाळ दिवशी कोणत्याच घळीत शिरू नये. वाटाड्या हो म्हणाला तरी नाही.

जॉर्डनमधल्या पेट्राची घळ सुमारे सव्वा किलोमीटर लांब. आत जाताना हळूहळू उतार, येताना तोच चढ. तिथं पूर्वी घोडागाड्या होत्या, आता विजेवर चालणाऱ्या गाड्या आहेत. तिकीट काढून त्या गाडीत बसण्यात कमीपणा वाटणारे मराठी पुरुष आणि मग रात्री हॉटेलात गुडघ्याला बर्फ लावत बसणारेही तेच, अशा कथा सहलींत हमखास ऐकायला मिळतात.

महाराष्ट्रात अशी खरी घळ म्हणजे सांदण. अकोले तालुक्यात, रतनगडाच्या शेजारी, साम्रद गावापासून अगदी थोड्या अंतरावर जमीन दुभंगल्यासारखी ही भेग सुरू होते आणि कोकणाच्या दिशेनं उतरत जाते. वाळवंटातल्या घळी मऊ वालुकाश्मात घडतात. सांदण आपल्या काळ्या कातळात आहे. म्हणूनच तिचे कडे सरळसोट आणि तळ गुळगुळीत नसून दगडधोंड्यांनी भरलेला. सगळी दरी उतरायची तर दोरावरून लोंबकळावं लागतं, पाण्याचे डोह पार करावे लागतात. ते तरुणांसाठी. पण साम्रदच्या बाजूनं दरीच्या तोंडाशी जाऊन पहिल्या डोहापर्यंतचा टप्पा गावातला वाटाड्या सोबत घेऊन, बसत-उठत, पुष्कळांना जमण्यासारखा आहे. दरीत ऊन फार कमी उतरतं, त्यामुळे दगड निसरडे राहतात. पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नये.

त्याहून सोपं ठिकाण म्हणजे पारनेर तालुक्यातलं निघोज. कुकडी नदीनं तिथल्या कातळात रांजणखळगे कोरलेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे गोल गोल फिरून खडक खरवडत गेले आणि हजारो वर्षांत त्याचे रांजण झाले. अरुंद कातळी पात्र, वळणदार कडा, कोरडा मुलूख. वाळवंटी घळीचा भास आपल्या राज्यात कुठं होत असेल तर इथंच. आणि नदीवर झुलता पूल आहे. पात्रात न उतरता, कठडा धरून, वरून सगळं दिसतं. आपल्यासारख्यांनी पुलावरच थांबावं. खळग्यांच्या कडा गुळगुळीत असतात आणि आत पडलेल्याला बाहेर काढणं धडधाकट माणसालाही जड जातं.

पण निघोज काय, सांदण काय, नांदेड-लातूरच्या माणसाला एका दिवसात होत नाही. आपल्या दारात काय आहे?

किनवटच्या वाटेवर इस्लापूरजवळ सहस्रकुंड आहे. पैनगंगा इथं काळ्या कातळावरून अनेक धारांनी खाली उडी घेते आणि पुढं खडकाच्या भिंतींमधून निघून जाते. एका काठाला नांदेड जिल्हा, दुसऱ्या काठाला यवतमाळ. पाणी भरात असताना लोक तिथं जातात. दिवाळीनंतर धारा बारीक झाल्या की कातळाचं खरं रूप दिसायला लागतं. मला तो काळ जास्त आवडतो. काठावरूनच पाहावं, पात्रातल्या खडकावर उतरू नये. जिथं पाणी नुकतंच ओसरलंय तिथं शेवाळ असतंच.

माहूरला रेणुकामातेच्या देवळाला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. रोपवे, लिफ्ट यांची चर्चा बरीच वर्षं ऐकतो आहोत. सप्तशृंगगडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली आली, रायगडाला तर १९९६ पासून रोपवे आहे. मराठवाड्याच्या देवीची म्हातारी लेकरं अजून कठडा धरून थांबत थांबत चढतात. मात्र माहुरात गावालगतच पांडवलेणी आहेत आणि ती पाहायला गड चढावा लागत नाही. देवीला आलेल्या शंभरातले किती जण तिकडे वळतात, देव जाणे. खडकात कोरलेला खांबांचा भव्य मंडप, आतला काळोख, बाहेरचं ऊन, हे घळीच्या फार जवळ जाणारं आहे.

भुईकोटांचं तर आपल्याकडे वैभवच आहे. कंधार, औसा, उदगीर. तिन्हींना खंदक, तिन्ही सपाटीवर. कंधारचा संबंध राष्ट्रकूटांशी, उदगीरचा १७६० च्या लढाईशी, जिथं सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. मला यातला कंधार सगळ्यात जवळचा. खंदकातलं पाणी आणि त्यावर उभा राहिलेला तट, हे दृश्य पाहायला एकही पायरी चढावी लागत नाही. आत मात्र पावसाळ्यानंतरच्या गवतात दगड दिसत नाहीत; काठीनं चाचपत चालावं.

आणि खरोसा. औसा तालुक्यातली ही लेणी साधारण सहाव्या शतकापासूनची, जांभ्या दगडात कोरलेली. वेरूळच्या कातळासारखा हा दगड टणक नाही, त्यामुळे मूर्तींचे चेहरे झिजलेत, पण अंगाखांद्याची ठेवण अजून कळते. गुडघे बदललेल्या माझ्या थोरल्या आक्काला तिथं नेलं होतं. एका उंच उंबऱ्यापाशी आम्ही दोघं-तिघं तिला हात द्यायला पुढं सरसावलो. ती म्हणाली, "ओढायलास कामून? तू नुसता उभा ऱ्हा, मी तुझा खांदा धरते." मग ती आडवी वळली, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्याचा तळवा खडबडीत भिंतीवर, आणि दुखरा पाय आधी खाली सोडून अलगद उतरली. आत जाऊन अर्धा तास एका खांबाला टेकून बसली. बाकीची लेणी आम्ही फिरून आलो तोवर एकाच भिंतीवरची शिल्पं तिनं आमच्यापेक्षा बारकाईनं पाहिली होती.

आक्काच्या त्या उतरण्यात सगळं शास्त्र आलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो, म्हणून उतारालाच दोन काठ्या लागतात, चढाला एक चालते. मोठा खडक उतरायचा असेल तर सरळ बूड टेकून घसरत उतरावं. परदेशातले कसलेले दरी-भटकेही तेच करतात, त्यात लाज नाही. सोबत्यानं हात धरून ओढू नये, कारण ओढलं की तोल जातो. आपला खांदा किंवा कोपर पुढं करावं आणि किती भार टाकायचा हे त्या माणसावर सोडावं.

बायका आणखी एक चूक करतात, आणि ती त्यांची नसते. वाटेत स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. मग उन्हात चक्कर येते आणि पडण्याचं खापर गुडघ्यावर फुटतं. निघण्याआधी स्वच्छतागृह कुठं आहे हे शोधून ठेवणं, हा सहलीच्या नियोजनाचा पहिला भाग असला पाहिजे. दुसरा धोका आग्यामोहळाचा. कड्यांवर, लेण्यांत, तटांवर पोळी असतात. मधमाश्या उठल्या तर धडधाकट पळतो. ज्याला पळता येत नाही त्यानं पोळं दिसलं की आधीच लांबून वळावं, आणि आसपास कुणी धूर करत असेल तर थेट गाडी गाठावी.

प्रवासाचंही ऐका. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास, महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट. सवलत चांगलीच आहे, पण लालपरीची पहिली पायरी ज्या उंचीवर आहे ती चढताना म्हातारीला खालून एक आणि वरून एक माणूस लागतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सुगम्य भारत अभियान त्याच्याही आधीचं, डिसेंबर २०१५ चं. उताराच्या रॅम्पचा नियम साधा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपल्या सरकारी इमारतींसमोर जे रॅम्प दिसतात त्यातले बरेच घसरगुंडीसारखे उभे असतात. त्यावरून चाकाची खुर्ची वर नेणाऱ्याचं कौतुक करावं की बांधणाऱ्याचं, कळत नाही.

वर्तमानपत्रांत कधीकधी बातमी येते, दिव्यांगांनी कळसूबाई सर केलं. त्यांच्या जिद्दीला सलामच. पण या बातम्यांचा एक दुष्परिणाम होतो. शरीरानं अधू माणसानं एक तर शिखर गाठायचं, नाहीतर घरी बसायचं, अशी समजूत होते. मधली मोठी जागा कुणाला दिसत नाही. लातूर जिल्ह्यात तर ही मधली माणसं फार आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला, जवळपास दहा हजार माणसं गेली आणि अनेक जण ढिगाऱ्याखालून हात-पाय, कणा मोडून वाचले. तेव्हा तिशीत असलेली माणसं आता साठी ओलांडून गेलीत. जुन्या दुखापतीवर नवं वय चढलंय. त्यांना पराक्रम नको, खरोशाच्या लेण्याबाहेर टेकायला एक बाक हवाय.

त्याहूनही आधी हवी आहे ती माहिती. वाहन कुठपर्यंत जातं, तिथून किती पावलं, किती पायऱ्या, कठडा कोणत्या बाजूला, बसायला जागा कुठं, स्वच्छतागृह आहे का. यातलं काहीही पुरातत्त्वाच्या निळ्या पाटीवर नसतं. तिथं असतो दंडाचा इशारा. माणूस बहुतेक वेळा दरीमुळे अडत नाही, ही माहिती नसल्यामुळे घरीच राहतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत पोरं कंधारला, खरोशाला, सहस्रकुंडाला जातीलच. त्यांच्यापैकी एकाला वही द्या आणि वर सांगितलेल्या गोष्टी मोजून आणायला सांगा: गाडीपासूनची पावलं, पायऱ्या, सगळ्यात उंच उंबरा. तो कागद तिथल्या ग्रामपंचायतीला द्या आणि प्रवेशाजवळ तेवढी एक पाटी लावायला सांगा. खर्च पाचशे-हजाराच्या वर जाणार नाही.