आधी चौकोन, मग गोधडी

गोधडीची हौस आहे, पण अख्खी गोधडी शिवायचा धीर नाही? मग गरम पातेल्याखाली ठेवायच्या आठ इंची चौकोनापासून सुरुवात करा.

नागपुरात गांधीबाग, इतवारीत सुती कापड हवं तेवढं मिळतं. पण घरातलं जुनं लुगडं त्याहून बरं, ते धुऊन धुऊन आटायचं तेवढं आटलेलं असतं. नवं कापड मात्र आधी धुवाच. पॉलिस्टर अजिबात नको, गरम भांड्याने वितळतं. (शिवाय १ जानेवारी १८७७ला एम्प्रेस मिल सुरू झालेल्या गावात सुतीच शोभतं, हे माझं मत!) मधल्या थरालाही जुना सुती टॉवेलच घ्या.

वरचे तुकडे पाव इंच शिलाई सोडून जोडा. खाली टॉवेल, त्याखाली अस्तर. तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी धरून ठेवा आणि मग धावदोरा मधून कडेकडे घाला. कडेपासून आत आलात तर मधे कापड फुगतं आणि उसवण्याशिवाय इलाज नसतो. टाके लहानमोठे झाले तर होऊ द्या. शेवटी तिरक्या पट्टीची पायपिन. कोपरे गोल कापले की ती सहज बसते.

हीच रीत चष्म्याच्या पिशवीलाही चालते, फक्त टॉवेलऐवजी फ्लॅनेल घ्या.