तिसऱ्यांदा तीच स्थिती

शालेय गटाच्या बुद्धिबळ स्पर्धेत एखादा हात वर होतो. "सर, तीनदा झालं!" पंच म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला: "चाल लिहिलीस, की खेळून बसलास?" बरोबरी मागायची तर तिसऱ्यांदा तीच स्थिती आणणारी चाल आधी स्कोरशीटवर लिहायची, पंचाला सांगायचं, मोहऱ्याला हात लावला की त्या चालीपुरता हक्क गेला. ती स्थिती समोरच्याच्या चालीने आली असेल तर आपल्या पाळीला लगेच मागता येतं. मुलं मात्र चाल करून, घड्याळ दाबून मग हात वर करतात. आता मागायचं तर समोरच्याने, आणि तो जिंकायला बसलेला असेल तर कशाला मागेल?

दावा रीतसर असला की घड्याळ थांबवतो, दोघांच्या स्कोरशीट घेतो आणि शेजारच्या रिकाम्या पटावर डाव चालीचालीने मांडतो. मधे दहा वेगळ्या चाली झाल्या असल्या तरी बिघडत नाही. स्थिती तीच हवी, पाळी त्याच खेळाडूची हवी आणि दोघांना शक्य असलेल्या चालीही त्याच हव्यात. खरी गोम या शेवटच्या अटीत आहे. समजा, पांढरा राजा ई१ वरून हललेलाच नाही, पण हत्ती एच१ वरून जी१ ला जाऊन परत आला. पट हुबेहूब तोच दिसतो, पण त्या बाजूचं कॅसलिंग गेलेलं असतं; म्हणून हत्ती हलण्याआधीची स्थिती मोजायची नाही. दाराबाहेर ताटकळलेल्या पालकांना हे पटवणं पंचगिरीतलं सर्वांत अवघड काम.

दावा चुकला तर समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते. कोणी काही मागितलंच नाही तर डाव चालू राहतो. पाचव्यांदा तीच स्थिती आली की मात्र, २०१४ पासून, पंचानेच बरोबरी जाहीर करायची.

मोठ्यांच्या डावात पंचाला फारसं काम उरत नाही. बर्लिन बचावाचा एक डाव तर चौदा चालींत आटोपतो. पांढरा वजीर डी४ वरून ई४ ला येऊन शह देतो, काळा वजीर ई६ वर आडवा येतो, मग दोघेही मागे, डी४ आणि डी६ वर. दहाव्या, बाराव्या, चौदाव्या चालीनंतर तीच स्थिती. बघायला आलेल्यांचा विरस होतो, माझाही. पण अर्ध्या गुणावर बक्षीस पक्कं होत असेल तर खेळाडूंना बोल कसा लावायचा? काही स्पर्धांत तिसाव्या चालीआधी आपसात बरोबरी ठरवायला बंदी असते. पुनरावृत्तीला ती सहसा लागू नसते, आणि बर्लिनची ही वाट नेमकी तिथेच कामाला येते.