कॉनरेल : अमेरिकेच्या सरकारी मालवाहू रेल्वेबद्दलचे गैरसमज

रेल्वे सरकारी असावी की खासगी, या वादात अमेरिकेतली कॉनरेल दोन्ही बाजूंना सोयीची वाटते. पण दोघंही अर्धीच हकिकत सांगतात.

गैरसमज : सरकारने चांगल्या चालणाऱ्या खासगी रेल्वे बळकावल्या.

वस्तुस्थिती : त्यांचं दिवाळं आधीच वाजलं होतं. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या जुन्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी १९६८मध्ये एकत्र येऊन पेन सेंट्रल काढली. २१ जून १९७० रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज दिला. दोन्हीकडच्या संगणक यंत्रणा जुळत नव्हत्या, त्यामुळे मालाचे डबे कुठल्या यार्डात पडलेत याचा पत्ता लागेना. लाकडी स्लीपर इतके कुजले होते, की उभे डबेसुद्धा जागच्या जागी रुळावरून घसरत. रीडिंग, लीहाय व्हॅली, एरी लॅकावाना या शेजारच्या रेल्वेही बुडाल्या होत्या. ईशान्येचा माल थांबला असता, तर कारखाने थांबले असते. म्हणून अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि या बुडालेल्या रेल्वे एकत्र करून १ एप्रिल १९७६ रोजी कॉनरेल सुरू झाली.

गैरसमज : कॉनरेल म्हणजेच अ‍ॅमट्रॅक.

वस्तुस्थिती : अ‍ॅमट्रॅक १९७१पासून लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या चालवते. कॉनरेलचं मुख्य काम मालवाहतुकीचं. उपनगरी लोकल मात्र १९८२ अखेरपर्यंत तिच्या गळ्यात होत्या.

गैरसमज : सरकारी होती तोवर तोटा, विकल्यावर नफा.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत चुकीचा समज हाच. पहिली वर्षं तोट्याची गेली, हे खरं. सरकारने एकूण सुमारे ७ अब्ज डॉलर ओतले. त्यातून रूळ, स्लीपर, इंजिनं नवी झाली. खरी अडचण नियमांची होती. भाडं बदलायचं किंवा तोट्यातला फाटा बंद करायचा, तर आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या दारात खेटे घालावे लागत. ऑक्टोबर १९८०च्या स्टॅगर्स कायद्याने ही गाठ सोडवली, १९८१च्या कायद्याने लोकल गाड्यांतून सुटकेची वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी स्टॅनली क्रेन प्रमुख झाले. १९८१मध्येच कॉनरेल नफ्यात आली. तेव्हा ८५ टक्के मालकी सरकारकडे ठरलेली होती आणि उरलेली कर्मचाऱ्यांकडे. सरकारने आपला हिस्सा विकला तो मार्च १९८७मध्ये, १.६५ अब्ज डॉलरना. घातलेला सगळा पैसा परत आला नाही, हेही सांगायलाच हवं.

किंमत कामगारांनीही मोजली. त्यांनी पगारवाढ सोडली, आणि लाखाच्या घरातली नोकरदारांची संख्या विक्रीपर्यंत चाळीस हजारांच्या खाली आली. नफ्याचे आकडे देणाऱ्याने हे आकडे गाळू नयेत.

गैरसमज : कॉनरेल बंद पडली.

वस्तुस्थिती : १ जून १९९९ रोजी तिचं जाळं नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स यांच्यात वाटलं गेलं, मालकी ५८ आणि ४२ टक्के. उत्तर न्यू जर्सी, फिलाडेल्फिया–दक्षिण न्यू जर्सी आणि डेट्रॉइट इथे दोघींच्या गाड्यांचं शंटिंग आणि कारखान्यांपर्यंत डबे पोचवण्याचं काम कॉनरेल याच नावाची कंपनी करते.