रॉड टाकला, तरी लक्ष हवं
मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. दुसरा पुढे जळगावातून जातो. अशा महामार्गांवरच्या अपघातात मांडीचं हाड मोडलं, तर बाहेर जखम नसतानाही आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. कमरेचं हाडांचं कडं फुटलं तर त्याहून कितीतरी जास्त. जखमीला कृपा करून बसवू नका. खुब्यांच्या पातळीवर चादर घट्ट आवळा, 108ला फोन करा.

मांडीत रॉड टाकला की घरचे निश्चिंत होतात. पण पहिल्या तीन दिवसांत धाप लागली, रुग्ण बरळू लागला, तर हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात, मेंदूत गेलेली असू शकते. पुढच्या आठवड्यांत एकच पोटरी सुजली, तर शिरेत गुठळीची शंका घ्या. तिथे मालिश नको, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.