दहा भोकांत बारा सूर

पेटीवर मींड निघत नाही, ही तिच्याबद्दलची सर्वांत जुनी तक्रार. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, त्यामागच्या प्रमुख कारणांत हेही एक होते. पण पेटीच्याच कुळातला, खिशात मावणारा माउथ ऑर्गन मींड घेतो, आणि सुरेख घेतो. दोघांच्याही पोटात धातूच्या रीडच थरथरतात. पेटीतली हवा भात्याची असते, इथली मात्र वादकाच्या छातीतली. तिला जीभ, टाळू आणि घसा हवे तसे वळवू शकतात. अमेरिकेतले हॉवर्ड लेव्ही यांना प्रत्यक्ष ऐकल्यापासून तर मला हे वाद्य पेटीपेक्षा गळ्याच्या अधिक जवळचे वाटते.

इतिहास थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषक मुलखात हे वाद्य आकाराला आले. ट्रोसिंगेन गावात मॅथियास होनर यांनी १८५७ मध्ये कारखाना काढला आणि ते जगभर गेले. पुढे बटणाचा क्रोमॅटिक आला. बटण दाबले की सूर अर्ध्या स्वराने चढतो, त्यामुळे बाराही स्वर मिळतात. लॅरी अ‍ॅडलर आणि बेल्जियमचे टूट्स थीलमान्स यांनी त्यावर अजोड काम केले. लेव्हींचे वाद्य मात्र साधे, दहा भोकांचे, बिनबटणाचे.

या साध्या वाद्याची रचना आपल्या भाषेत मांडून पाहू. प्रत्येक भोकात दोन रीड असतात, एक फुंकल्यावर वाजणारी आणि दुसरी श्वास आत ओढल्यावर. सी पट्टीच्या वाद्यात सी हा षड्ज मानला, तर चौथ्या भोकात फुंकून सा, ओढून रे. पाचव्यात ग आणि म. सहाव्यात प आणि ध. सातव्यात ओढून नी, फुंकून तार सा. म्हणजे मध्य सप्तकात फक्त शुद्ध स्वर, बिलावल थाट.

विकृत स्वर आणायचे कसे? तोंडातली पोकळी बदलून चौथ्या भोकातला रिषभ ओढता ओढता खाली वाकवला की कोमल रिषभ येतो. सहाव्यातला धैवत वाकवला की कोमल धैवत. ब्लूज वादकांनी ही वाकवण्याची करामत फार मोठ्या उंचीवर नेली. लिट्ल वॉल्टर यांचे १९५२ चे ‘ज्यूक’ ऐकावे. त्यांचा माउथ ऑर्गन अक्षरशः बोलतो. पण तीन जागा रिकाम्याच राहतात: कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल निषाद. वाकवून स्वर फक्त उतरतो, आणि तोही त्या भोकातल्या दोन स्वरांच्या मधेच. या तीन स्वरांसाठी मधे जागाच नाही.

१९७० च्या सुमारास, विद्यार्थीदशेत, लेव्हींना तिथली वाट सापडली. फुंकताना तोंडाचा आकार असा ठेवायचा, की फुंकेची रीड गप्प व्हावी आणि त्याच भोकातली ओढीची रीड उलट्या हवेने वाजू लागावी. ती आपल्या नेहमीच्या स्वरापेक्षा अर्धा स्वर वर वाजते. याला वादक ओव्हरब्लो म्हणतात. चौथ्या भोकात कोमल ग, पाचव्यात तीव्र म, सहाव्यात कोमल नी. नेमके हरवलेले तिघे! १९२९ च्या ब्लूज बर्डहेड यांच्या ध्वनिमुद्रणात असा स्वर एखाद्या ठिकाणी येतो, पण त्याची पद्धत बांधली आणि त्यावर अख्खी शैली उभी केली ती लेव्हींनी. मध्य सप्तकात तोडी वाजवायची तर दोन स्वर वाकवायचे आणि दोन ओव्हरब्लोने काढायचे. विचार केला तरी छाती दडपते.

ध्वनिमुद्रणात हे सगळे इतके सहज उतरते, की ऐकणाऱ्याला बटणाचे वाद्य असावे असे वाटते. म्हणून ते समोर बसून पाहायला हवे. शिकागोच्या एका छोट्या सभागृहात मी दुसऱ्या रांगेत होतो. लेव्ही पियानोपाशी बसले, एका हातात माउथ ऑर्गन धरला आणि दुसरा हात पियानोवर ठेवला. मग दोन्ही वाद्ये एकाच वेळी वाजू लागली. एरवी वादक दोन्ही हातांची ओंजळ करून स्वराला गोलाई देतात. इथे ओंजळीला हात मोकळाच नव्हता. सगळी गोलाई तोंडाच्या आत घडत होती. जॅझ, ब्लूज, मग बाल्कन मुलखाच्या वळणाच्या लयी, सारे त्या चिमुकल्या वाद्यातून. बेला फ्लेक यांच्याबरोबर रचलेल्या ‘लाइफ इन इलेव्हन’ला २०१२ मध्ये ग्रॅमी मिळाले. अकराच्या लयीतली ही रचना ऐकताना आपल्या माणसाची बोटे आपोआप मात्रा मोजू लागतात.

मला सर्वांत भावले ते वेगळेच. ब्लूजवाले सी पट्टीच्या वाद्यावर पंचमाला षड्ज मानून वाजवतात. लेव्ही त्याच वाद्यावर बारापैकी कोणताही स्वर षड्ज मानू शकतात. आपल्याकडच्या मूर्च्छनेचा विचार ज्याला ठाऊक आहे, त्याला यातली झेप लगेच कळेल. वाद्य तेच, पण षड्ज हलला की भोवतालचा सगळा मुलूख बदलतो. संगीत शिकवणाऱ्यांनी मूर्च्छना समजावताना हे उदाहरण जरूर द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे माउथ ऑर्गन म्हटले, की ‘शोले’तला जय आठवतो. ती धून भानू गुप्तांनी वाजवली होती. ‘दोस्ती’त राहुलदेव बर्मन यांचा माउथ ऑर्गन आहे. या वादकांवर कुणीतरी सविस्तर लिहायला हवे, त्यांचे ऋण मोठे आहे.

घरी दहा भोकांचे वाद्य असेल, तर ओव्हरब्लोची सुरुवात सहाव्या भोकापासून करावी. आधी ओढून कोमल धैवत पक्का करावा, मग तोंडाचा आकार तोच ठेवून श्वासाची दिशा उलटवावी आणि हलके फुंकावे. बरेच दिवस नुसती किरकिर येईल. तरीही कोमल निषाद लागला नाही, तर वाद्य उघडून रीड आणि पत्र्यामधली फट पाहावी. नव्या वाद्यात ती बहुधा जास्त असते, आणि केसभर कमी केली तरी पुरते.