वास्तुविशारद व्यवसाय व संघटना, महाराष्ट्रातील

इमारतीचा उपयोग, मजबुती, खर्च व सौंदर्य यांचा एकत्रित विचार करून तिचा अभिकल्प तयार करणाऱ्या, त्यानुसार आरेखने व तपशीलपत्रके पुरविणाऱ्या आणि बांधकामावर मालकाच्या वतीने देखरेख ठेवणाऱ्या प्रशिक्षित व नोंदणीकृत व्यावसायिकास वास्तुविशारद म्हणतात. कंत्राटदारापासून त्याचे वेगळेपण असे, की बांधकामाच्या नफ्या-तोट्यात त्याचा भाग नसतो. तो केवळ आपल्या सेवेचे शुल्क घेतो व त्यामुळे मालक आणि कंत्राटदार या दोघांमध्ये निःपक्षपातीपणे निर्णय देऊ शकतो. असा व्यवसाय स्थिर होण्यास पद्धतशीर शिक्षण, समव्यावसायिकांची संघटना व कायद्याची मान्यता या तीन गोष्टी आवश्यक असतात. महाराष्ट्रात त्या याच क्रमाने अस्तित्वात आल्या.

पूर्वपीठिका : पारंपरिक समाजात अभिकल्प व बांधकाम ही कामे वेगळी नव्हती. गवंडी, सुतार, पाथरवट, बेलदार, लोहार हे कारागीर पिढीजात अनुभवाने घरे, वाडे, गढ्या व मंदिरे उभारीत. ज्ञानाचे संक्रमण बापाकडून मुलाकडे किंवा मिस्त्रीकडून हाताखालच्या माणसाकडे प्रत्यक्ष कामावरच होई. जातिसंस्थेच्या चौकटीत कारागिरांचा समुदाय बांधलेला असे. कामाचा दर्जा, मजुरीचे दर व उमेदवारीचे नियम या समुदायातच ठरत. ब्रिटिश अमदानीत सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाल्यावर अभिकल्प कागदावर आधी व बांधकाम नंतर, अशी विभागणी रूढ झाली. प्रारंभी मुख्य अभिकल्पक यूरोपीय व साहाय्यक भारतीय, अशी स्थिती होती. एफ्. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या अभिकल्पानुसार बांधलेल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस (सध्याचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) या वास्तूच्या कामावर सीताराम खंडेराव वैद्य हे साहाय्यक अभियंता होते. पुढे १९०३ मध्ये सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलाच्या अभिकल्पात वैद्य व डी. एन्. मिर्झा यांचा प्रमुख वाटा होता. त्यांच्या पिढीतील भारतीयांना मात्र आपल्या व्यवसायाचे असे स्वतंत्र व्यासपीठ उपलब्ध नव्हते.

शिक्षण : मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत (स्थापना १८५७) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आरेखकांसाठी वर्ग सुरू झाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रॉबर्ट केबल यांच्या मार्गदर्शनाखाली वास्तुकलेचा अनेक वर्षांचा पद्धतशीर पदविका अभ्यासक्रम आखण्यात आला. १९२३ ते १९४३ या काळात या विभागाचे प्रमुख असलेल्या क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांकडून जुन्या भारतीय वास्तूंची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन आरेखने करवून घेण्यावर भर दिला. त्यामुळे परदेशी शैलींच्या अनुकरणाबरोबरच स्थानिक हवामान, साहित्य व परंपरा यांचा अभ्यास होऊ लागला. पेरीन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये येथील पदविका मिळविली. भारतात वास्तुविशारदाचे शिक्षण पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात. अच्युत कानविंदे, बाळकृष्ण दोशी हेही येथील विद्यार्थी होत. १९५२ मध्ये हा अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन पदवी सुरू झाली आणि १९५८ मध्ये वास्तुकला महाविद्यालय कलाशाळेपासून वेगळे झाले. पुढील काळात पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर इ. ठिकाणीही वास्तुकलेची महाविद्यालये निघाली.

संघटना : या कलाशाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १२ मे १९१७ रोजी मुंबईत ‘आर्किटेक्चरल स्टूडंट्स असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉर्ज विटेट हे तिचे पहिले अध्यक्ष होते. शिक्षण संपल्यावर विखुरणाऱ्या तरुणांनी एकत्र यावे, एकमेकांची कामे पाहावी व व्याख्याने आयोजित करावीत, हा तिचा मूळ हेतू मर्यादित होता. १९२२ मध्ये ती ‘बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन’ झाली, १९२५ मध्ये ब्रिटनमधील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेशी संलग्न झाली आणि १९२९ मध्ये तिने ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ हे अखिल भारतीय नाव धारण केले. एका शहरातील माजी विद्यार्थ्यांचा मेळावा बारा वर्षांत देशव्यापी व्यावसायिक संस्थेत परिणत व्हावा, हे त्या काळातील व्यवसायाच्या वाढीचे निदर्शक आहे. संस्थेचे मुख्यालय मुंबईच्या फोर्ट भागात असून राज्यनिहाय शाखा व शहरनिहाय केंद्रे यांद्वारे तिचे कार्य चालते.

संस्थेचे नियतकालिक १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. सदस्यांच्या कामांची आरेखने, नव्या साहित्याची माहिती, स्पर्धांचे निकाल व अध्यक्षीय भाषणे यांमुळे मुंबईबाहेर एकट्याने काम करणाऱ्या वास्तुविशारदालाही समव्यावसायिकांच्या विचारांचा परिचय होत राहिला. १९३७ मध्ये संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ हे प्रदर्शन भरविले. काँक्रीटची सपाट छपरे, मोकळ्या खोल्या, अंतर्भूत स्नानगृहे व नव्या पद्धतीचे फर्निचर यांची ओळख मध्यमवर्गाला करून देणे व वास्तुविशारदाच्या सेवेचे महत्त्व पटवणे, असे त्याचे दुहेरी प्रयोजन होते. याच काळात गजानन म्हात्रे (१९०२–७३) यांसारख्या वास्तुविशारदांनी मुंबईत आर्ट डेको शैलीतील निवासी इमारती उभारल्या. त्यांपैकी ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्ह परिसरातील या शैलीच्या इमारतींचा २०१८ मध्ये व्हिक्टोरियन वास्तूंसह जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला.

कायद्याची मान्यता : स्वातंत्र्योत्तर काळातही कोणासही स्वतःस वास्तुविशारद म्हणवून घेता येत असे. या स्थितीविरुद्ध संघटनेने दीर्घकाळ केलेल्या मागणीची परिणती वास्तुविशारद अधिनियम, १९७२ मध्ये झाली. या अधिनियमानुसार वास्तुकला परिषद ही वैधानिक संस्था स्थापन झाली व व्यावसायिकांची नोंदवही ठेवणे, शिक्षणाचे किमान मानदंड ठरविणे आणि आचारसंहिता लागू करणे ही कार्ये तिच्याकडे आली. परिषदेवरील सदस्यांपैकी पाच वास्तुविशारद इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स आपल्या सदस्यांतून निवडून देते. पदवी नसलेल्या, परंतु ठरलेल्या दिनांकापूर्वी किमान पाच वर्षे व्यवसाय केलेल्या व्यक्तींनाही पहिल्या नोंदवहीत स्थान देण्यात आले. अनुभवावर वाढलेल्या जुन्या पिढीला अशा रीतीने सामावून घेण्यात आले. पदवीचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असून त्यात कार्यालयीन प्रशिक्षणाचा अंतर्भाव असतो. परिषदेच्या नोंदवहीत देशभरातील एक लाखाहून अधिक वास्तुविशारदांची नावे आहेत.

अधिनियमाच्या ३७ व्या कलमाचा अर्थ दीर्घकाळ वादग्रस्त होता. नोंदणी नसलेल्या व्यक्तीस वास्तुविशारदाचे काम करण्यासच बंदी आहे, असे व्यवसायातील अनेकांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी दिलेल्या निर्णयात, हे कलम ‘वास्तुविशारद’ या उपाधीच्या वापरावर बंदी घालते, अभिकल्पाच्या कामावर नव्हे, असे स्पष्ट केले. म्हणजेच कायदा नावाचे रक्षण करतो. कामाचे क्षेत्र मात्र अभियंते, आरेखक व मिस्त्री यांनाही खुले राहते. त्यामुळे व्यवसायाची प्रतिष्ठा शेवटी सेवेच्या गुणवत्तेवर व समाजाच्या विश्वासावर अवलंबून राहते.

आचारसंहिता व व्यावसायिक विकास : १९८९ च्या व्यावसायिक वर्तन विनियमांनी वास्तुविशारदाची कर्तव्ये निश्चित केली. दुसऱ्या वास्तुविशारदाकडे असलेले काम त्याला डावलून मिळवू नये, कामासाठी याचना करू नये, मालक व कंत्राटदार यांच्यात न्याय्य निर्णय द्यावा, ही त्यांतील प्रमुख बंधने होत. हाताखालील माणसांना योग्य वातावरण व रास्त मोबदला द्यावा आणि त्यांच्या व्यावसायिक विकासास साहाय्य करावे, असेही त्यांत नमूद आहे. या तरतुदीचे महत्त्व विशेष आहे. कारण पदवीनंतरचे खरे शिक्षण बहुधा एखाद्या ज्येष्ठाच्या कार्यालयातच होते. आरेखनपत्रावरील रेषा व जागेवरील चुन्याची आखणी यांतील अंतर, कंत्राटदाराच्या देयकाची छाननी, नगरपालिकेतील परवान्याची प्रक्रिया या गोष्टी विद्यार्थी तेथेच शिकतो. जुन्या मिस्त्री-उमेदवार परंपरेचे हे नवे रूप होय. याखेरीज परिषदेचे पुणे येथील प्रशिक्षण व संशोधन केंद्र, संघटनेची अधिवेशने, अभ्याससहली आणि परिसंवाद यांद्वारे अखंड शिक्षणाची सोय केली जाते.

लहान शहरांतील संघटना : मुंबईबाहेर एकट्या वास्तुविशारदांची संख्या पुरेशी नसल्यामुळे अनेक ठिकाणी वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते व सर्वेक्षक यांनी एकत्र संस्था स्थापन केल्या. पुण्यातील ‘आर्किटेक्ट्स, एंजिनिअर्स अँड सर्व्हेअर्स असोसिएशन’ आणि कोल्हापूरची ‘असोसिएशन ऑफ आर्किटेक्ट्स अँड एंजिनिअर्स’ ही त्यांची ठळक उदाहरणे होत. अखिल भारतीय संस्था उपाधी व आचार यांची काळजी वाहते, तर अशा स्थानिक संस्थांचे लक्ष दैनंदिन प्रश्नांकडे असते : विकास नियमांचे स्पष्टीकरण, नगरपालिकेशी वाटाघाटी, बांधकाम साहित्याची प्रदर्शने, आजारी वा मृत सहकाऱ्याचे अपुरे काम पूर्ण करून देण्याची व्यवस्था. उपाधीच्या प्रश्नावर परस्परविरोधी भूमिका असलेले दोन व्यवसाय येथे एकाच मंचावर काम करतात, ही लक्षणीय बाब आहे.

ग्रामीण भागातील स्थिती : तालुक्याच्या ठिकाणापलीकडे हे जाळे विरळ होते. नंदुरबार जिल्ह्यातील (१ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्हा) शहादे तालुक्यात तापीकाठी वसलेले सारंगखेडा हे याचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणता येईल. दत्तजयंतीची यात्रा व तीत भरणारा घोड्यांचा बाजार यांबद्दल हे गाव प्रसिद्ध आहे. अशा गावांत बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीच्या कक्षेत येते. नकाशा बहुधा तालुक्याच्या गावातील आरेखक किंवा अभियंता काढतो आणि प्रत्यक्ष निर्णय घरमालक व गवंडी हे दोघे जागेवर घेतात.

या निर्णयांत पिढीजात ज्ञान पुष्कळ आहे. खानदेशातील धाब्याच्या घरात सागवानी खांबांवर तुळया, त्यांवर कड्या व फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी रचना असते. पावसाचे पाणी पन्हळांतून बाहेर पडते. तापी खोऱ्याच्या कडक उन्हाळ्यात जाड भिंती व मातीचे छत यांमुळे आतील हवा थंड राहते. सातपुड्यातील भिल्ल व पावरा लोकांची बांबूच्या कुडाची घरे याउलट हलकी असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड महागल्यामुळे पत्रा व सिमेंट काँक्रीटचे छत यांचा प्रसार झाला. परंतु नव्या साहित्याचे ज्ञान त्याच वेगाने पोहोचले नाही. नदीखोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उथळ पायावरील पक्क्या भिंतींना तडे जातात. मातीच्या लवचिक भिंती ही हालचाल काही प्रमाणात सोसत. विटा-सिमेंटच्या ताठर भिंती ती सोसत नाहीत. पाया खोल नेणे, मुरुमाची भर घालणे, जोत्याच्या पातळीवर प्रबलित काँक्रीटची पट्टी बांधणे किंवा रूडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, तळाशी फुगीर असलेल्या स्थूणा वापरणे, हे त्यावरील उपाय आहेत. ते खर्चिक आहेत, असे नाही; मात्र ते घर बांधण्यापूर्वी कोणीतरी सांगावे लागतात.

अशा ज्ञानाच्या अभावाची किंमत ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात दिसून आली. लातूर व उस्मानाबाद (सध्याचे धाराशिव) या जिल्ह्यांत सु. आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतील व बाहेरील थर आरपार दगडांनी सांधलेले नसल्यामुळे ते सुटे झाले आणि माळवदांचे जड छत झोपलेल्या माणसांवर कोसळले. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यांची चौकटीसारखी आखणी व गल्लीबोळांचा अभाव ही शेतकरी कुटुंबांच्या जीवनपद्धतीशी विसंगत असल्याची टीका पुढे अभ्यासकांनी केली. जुन्या घरांचे दृढीकरण आरपार दगड व भिंतीभोवतीच्या पट्ट्या यांनी करता येते, हेही या काळात प्रात्यक्षिकांनी दाखविण्यात आले. ही उपाययोजना करणारे हात गवंड्यांचेच होते. सातपुडा परिसरही भूकंपमुक्त नाही. १४ मार्च १९३८ रोजी तेथे मोठा भूकंप झाला होता.

या अनुभवामुळे व्यावसायिक विकासाची कल्पना व्यापक झाली. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या २०१६ मध्ये सुरू झालेल्या योजनेत किमान २५ चौ. मी. घराच्या जोडीने गवंडी प्रशिक्षणाचाही समावेश आहे. वास्तुविशारदांची संघटना १९१७ मध्ये एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुरती होती. पुढे ती शहराची, देशाची व कायद्याची झाली. खेड्यातील बहुसंख्य घरे मात्र अद्यापि वास्तुविशारदाच्या आरेखनाशिवाय उभी राहतात. तेथे पदवीधर, आरेखक व गवंडी यांच्यात ज्ञानाची देवाणघेवाण होण्यावरच घरांची सुरक्षितता अवलंबून आहे.